हमीपत्रातली एक ओळ



करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून आम्ही बोलतोय. एरवी आम्ही तुमच्याशी बचत, कर्ज, हप्ते, शेळ्या, शिवणकाम याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही गटाच्या बैठकीतच निघाला.

आमच्या एका गटातल्या मावशींची मुलगी बारावी झाली. तिला शहरातल्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या वर्गाला प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या कागदांबरोबर एक हमीपत्र आलं होतं. त्यावर मुलीची सही आणि पालकांची सही हवी होती. मावशी गटात सही करायला शिकल्या आहेत, आणि शिकल्यापासून न वाचता कुठंही सही करत नाहीत. त्यांनी हमीपत्र बैठकीत आणलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘प्रकल्पाच्या काळात विद्यार्थी व्यावसायिक वर्तन ठेवील.’

मावशी म्हणाल्या, “ताई, पोरगी शिकायला चाललीय का धंदा करायला?”

सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. पण त्या ओळीचा नेमका अर्थ सांगायला गेलो तेव्हा आम्हालाही पटकन सांगता येईना. नीट कपडे? इंग्रजी बोलणं? वेळेवर येणं? एकीनं एक सांगितलं, दुसरीनं दुसरं. तेव्हा ठरवलं की हे नीट समजून घ्यायचं आणि रेडिओवरून सगळ्यांना सांगायचं. कारण आपल्या मुली आता या वर्गांना जाऊ लागल्या आहेत, आणि त्या वर्गांतली मुलं माइक घेऊन आपल्याच दारात येऊ लागली आहेत.

आधी शब्द बघू. आपल्याकडे ‘धंदेवाईक’ हा शब्द चांगल्या अर्थानं वापरत नाहीत. पैशासाठी काहीही करणारा, असा त्याचा वास येतो. ‘व्यावसायिक’ मात्र तसा नाही. ‘व्यवसाय’ या शब्दाचा जुना अर्थ निश्चय, निर्धार असाही आहे. एखादं काम मनावर घेतलं की ते नीटच करायचं, कुणी बघत असो वा नसो. गावातला चांगला गवंडी, चांगली सुईण, चांगला ड्रायव्हर आठवा. त्यांना कुणी हमीपत्र लिहून मागितलं नव्हतं, पण त्यांच्या हाती काम दिलं की आपण निर्धास्त असायचो. दुसऱ्याला असं निर्धास्त करणारं वागणं म्हणजे व्यावसायिक वर्तन. आम्हाला सापडलेला सगळ्यात सोपा अर्थ हा.

आता कुणी म्हणेल, अजून शिकणारी मुलं ती, त्यांना एवढं कशाला? चुकतील, शिकतील. खरं आहे. पण माध्यमाचा वर्ग इतर वर्गांसारखा नसतो. गणिताच्या वर्गात मुलीचं उत्तर चुकलं तर वहीवर लाल रेघ येते, आणि ती वही तिच्याजवळच राहते. माध्यमाच्या वर्गात मुलगी पहिल्याच महिन्यात रेकॉर्डर घेऊन कुणाच्या तरी ओसरीवर बसते. समोरची बाई खरी असते, तिचं दुःख खरं असतं, आणि रेकॉर्ड झालेला आवाज खराच फिरतो. चूक शिकणाऱ्याची असली तरी किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागू शकते.

वर्गात केलेलं काम किती लांब जाऊ शकतं, हे जेऊरकरांना सांगायला नको. नागराज मंजुळे आपल्या जेऊरचेच. पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केल्यावर त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. तिथं शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. त्या लघुपटाला पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे. विद्यार्थ्यानं केलेलं काम देशभर पोचू शकतं, तर त्या कामाची जबाबदारीही तेवढीच मोठी, नाही का?

आपल्या सामुदायिक रेडिओचं नातंही असंच वर्गाशी आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर २००२ साली सरकारनं आधी शिक्षणसंस्थांना छोटी रेडिओ केंद्रं चालवायची परवानगी दिली. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारात देशातलं पहिलं असं केंद्र सुरू झालं. २००६ साली धोरण बदललं आणि स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २००८ साली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली ती याच धोरणामुळं. तेव्हा जे नियम वर्गातल्या मुलांना, तेच आपल्याला. आपणही या माइकसमोर शिकतच आलो आहोत.

मावशींना आम्ही हे सगळं समजावलं ते आपल्या गटाच्या भाषेत. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. गटात नवीन बाई आली की पहिल्या दिवशी आपण तिला हेच सांगतो. माध्यमाच्या वर्गातलं वागणंही बरंचसं यातच बसतं.

बैठकीपासून सुरुवात करू. बैठक म्हणजे वेळ. एकदा एका वर्गातली मुलं आमच्या गटाच्या मुलाखती घ्यायला येणार होती. वेळ सकाळी दहाची ठरली. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या चार बायका त्या दिवशी कामाला गेल्या नाहीत. मुलं आली दुपारी एकला. उशीर होणार असा फोन नाही. आल्यावर “सॉरी” म्हणाली आणि हसत कामाला लागली. त्यांच्या लेखी तीन तास उशीर झाला होता. बायकांच्या लेखी एक दिवसाची मजुरी गेली होती. मुलं वाईट नव्हती. समोरच्याच्या वेळेलाही पैसे पडतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मुलींना आम्ही सांगतो, उशीर होणार हे कळलं की त्याच क्षणी फोन करा. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा. शिक्षकांना निरोप पाठवतानाही हेच. रात्री अकरा वाजता नुसतं “सर उद्या नाही जमणार” असं पाठवू नका. स्वतःचं नाव, वर्ग, काय अडचण आहे आणि राहिलेलं काम कधी पूर्ण कराल, एवढं चार ओळींत लिहा. रेडिओवर तर वेळेला फारच मोल. पाच मिनिटांच्या कार्यक्रमाला पाच मिनिटंच असतात. एकीनं आपला भाग दिला नाही तर तेवढी हवा मोकळी जाते, नाहीतर दुसरीला रात्र जागून ती भरावी लागते.

मग बचत. बचत म्हणजे थोडी थोडी, पण आधी केलेली तयारी. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या गावाची, त्या बाईच्या कामाची थोडी माहिती करून घ्यावी. पाच-सहा प्रश्न लिहून न्यावेत. बचत गटाच्या बाईला जाऊन “बचत गट म्हणजे काय?” असं विचारलं की तिला कळतं, ही मुलगी काही न वाचता आली आहे. रेकॉर्डरचे सेल तपासायचे, जास्तीचे जवळ ठेवायचे, आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघायचं. पंखा बंद करायचा, आपला मोबाईल बंद करायचा. जेऊरला स्टेशनाजवळ बसलात तर गाडीचा भोंगा मुलाखतीत येणारच. तेव्हा गाडी जाईपर्यंत थांबायचं आणि ताईंना तेच वाक्य पुन्हा सांगायची विनंती करायची.

आता कर्ज, म्हणजे उसनं घेतलेलं. कॉलेजचा कॅमेरा, माइक, रेकॉर्डर ही सगळी उसनी घेतलेली वस्तू. नोंदवहीत लिहून घ्यायची, ठरल्या दिवशी परत द्यायची, आणि काही बिघडलं तर लपवायचं नाही. वायर तुटली हे सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. न सांगता कपाटात ठेवली तर पुढच्या गटाची अख्खी फेरी वाया जाते.

पण उसनी घेतलेली सगळ्यात मोठी वस्तू कॅमेरा नव्हे. समोरच्या बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट, तिचे शब्द, हीच ती वस्तू. इथं आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे.

मुलांचा एक चमू कर्जफेडीवर कार्यक्रम करायला आला होता. आमच्या एका सदस्या बोलायला तयार नव्हत्या. आम्हीच त्यांना म्हणालो, “बोला हो ताई, काही होत नाही, कॉलेजची पोरं आहेत.” त्या बोलायला लागल्या. बोलता बोलता घरातलं दुखणं बाहेर आलं, नवऱ्याचं पिणं आलं, डोळ्यांत पाणी आलं. एका मुलानं विचारलं, “बंद करू का?” दुसऱ्यानं हातानं खूण केली, चालू राहू दे. कार्यक्रम वर्गापुरताच होता. पण त्यातला तो दीड मिनिटाचा तुकडा कुणीतरी मित्राला पाठवला, मित्रानं पुढं पाठवला, आणि आठवड्यात तो आमच्या गावातल्या फोनवर आला. पुढं त्या घरात काय झालं ते आम्ही इथं सांगणार नाही. सांगितलं तर तीच चूक दुसऱ्यांदा होईल. त्या ताई सहा महिने बैठकीला आल्या नाहीत, एवढंच सांगतो.

त्या मुलांना आम्ही दोष दिला, पण रात्री झोप आली नाही ती वेगळ्याच कारणानं. “काही होत नाही” हे आम्ही म्हणालो होतो. कुठल्या आधारावर? तो आवाज कुठं जाणार, किती दिवस राहणार, कोण ऐकणार, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गटांत कुणीही माइक घेऊन आलं की आम्ही चार गोष्टी आधी विचारतो. हे कशासाठी आहे? कुठं वाजणार, कुठं दिसणार? बाईचं नाव सांगणार का? आणि नंतर तिला वाटलं की एखादं वाक्य नको, तर काढणार का? उत्तरं समोरासमोर आणि सगळ्यांच्या देखत हवीत. आणि रेकॉर्डिंग संपल्यावर ते तिला ऐकवायचं. मगच होकार पक्का. आमच्याकडून यालाच संमती म्हणतात. कागदावरची सही हवीच, पण नुसत्या सहीनं संमती होत नाही. लहान मुलगा किंवा मुलगी असेल तर आईवडिलांना विचारल्याशिवाय माइक पुढं करायचा नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. ती म्हणतात, “नाव बदलू की!” मोठ्या वाहिनीवर नाव बदललं तर कदाचित भागतं. आपला सामुदायिक रेडिओ पंधरा-वीस किलोमीटरच्या आतला. ऐकणारे सगळे ओळखीचे. आपल्याकडे तर बाईच्या खोकल्यावरूनही ती कोण ते कळतं. नाव बदललं तरी आवाज तोच, गावाची बोली तीच, घरातल्या शेळ्यांची संख्या तीच. तेव्हा गोष्ट नाजूक असेल तर आवाजच वापरायचा नाही, ती गोष्ट निवेदिकेनं आपल्या शब्दांत आणि ओळख पटेल असे तपशील वगळून सांगायची.

काही ठिकाणी तर कायदाच सांगतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करायला २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंदी आहे. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे; पत्ता, फोटो, शाळा, घरचे लोक, शेजार, ज्यावरून कळू शकेल असं काहीही. मोठ्या बाईच्या बाबतीतही बलात्कारासारख्या गुन्ह्यात नाव छापणं किंवा सांगणं हा गुन्हा आहे. ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ म्हणून यातून सुटका नाही. आणि ‘तिच्या भल्यासाठीच सांगितलं’ म्हणूनही नाही.

आता परतफेड. घेतलेलं वेळेवर परत करायचं. वर्गात काम ठरल्या तारखेला देणं ही एक परतफेड. पण ज्यांच्याकडून गोष्ट घेतली त्यांची परतफेड राहूनच जाते. मुलं येतात, रेकॉर्ड करतात, चहा पितात, फोटो काढतात, जातात. कार्यक्रम झाला का, कसा झाला, गुण किती मिळाले, काही कळत नाही. बायका नंतर कितीतरी दिवस विचारत राहतात, “ताई, त्या पोरांचं काय झालं?” एक वर्ग मात्र परत आला होता. त्यांनी मंदिराच्या पायरीवर छोटा स्पीकर ठेवला आणि सगळा कार्यक्रम ऐकवला. आमच्या एका आजी स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी दोन चुका काढल्या, मुलांनी लिहून घेतल्या. त्या वर्गाला आम्ही आजही कधीही या म्हणतो.

शेवटी हिशेब. हिशेब म्हणजे खरेपणा, आणि माध्यमाच्या कामात तोच पाया. हे दोन उदाहरणांनी सांगतो.

एका ताईंनी मुलाखतीत सांगितलं, “कर्जाचा हप्ता सुरुवातीला फार जड गेला, पण त्याच पैशातून शेळ्या घेतल्या म्हणून आज घर चाललंय.” कार्यक्रमात फक्त वाक्याचा पहिला अर्धा भाग आला. आवाज ताईंचाच, शब्द ताईंचेच, एकही अक्षर बनावट नाही. तरीही ते खोटं. ‘पण’च्या आधी कात्री लावली की माणसाचं म्हणणंच उलटं होतं. म्हणून कापताना स्वतःला विचारायचं, हे ऐकून ताई म्हणतील का, “हो, मी असंच म्हणाले होते”? आता तर दुसऱ्याचा हुबेहूब आवाज तयार करून देणारी ॲपही आली आहेत. तो मोह तर अजिबात नको.

दुसरं उदाहरण पाण्याचं. एका वस्तीवर मुलींनी तीन बायकांना विचारलं, तिघी म्हणाल्या, आठ दिवस नळाला पाणी नाही. मुलींनी लगेच कार्यक्रम जुळवला. शिक्षकांनी विचारलं, पाणी सोडणाऱ्याला विचारलं का? नव्हतं विचारलं. विचारल्यावर कळलं की मोटार जळाली होती, आदल्या संध्याकाळी बसवली होती, आणि खालच्या गल्लीत पाणी सुरूही झालं होतं. वरच्या गल्लीत मात्र खरंच येत नव्हतं, कारण दाब पुरत नव्हता. आता खरी अडचण सापडली. आधीचा कार्यक्रम वाजला असता तर पंचायतीचे लोक म्हणाले असते, पोरी खोटं बोलतात, आणि वरच्या गल्लीचं गाऱ्हाणं त्यातच बुडालं असतं. दोन्ही बाजू विचारण्यानं तक्रार कमजोर होत नाही, ती उलट पक्की होते.

इथं एक नियम सांगायला हवा. सामुदायिक रेडिओवर आपल्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. हवामान, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, वीज-पाण्याच्या सूचना, गावचे कार्यक्रम हे देता येतं. वर्गातल्या मुलांना कधी कधी वाटतं, माइक हातात आहे म्हणजे काहीही बोलता येतं. तसं नाही. वाजलेला प्रत्येक कार्यक्रम केंद्राला तीन महिने जपूनही ठेवावा लागतो. आपल्या गटाच्या वहीसारखंच ते. उद्या कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

हिशेबातच श्रेयही येतं. ज्याचं त्याला. गावात आलेली मुलं आज्यांकडून ओव्या रेकॉर्ड करून नेतात आणि कार्यक्रमात ‘पारंपरिक गीत’ म्हणून वाजवतात. गाणाऱ्या बाईचं नाव नाही. याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात ओवी कुणी गायली, कुठल्या गावात गायली, याची नोंद ठेवली. त्यामुळं आज त्या ओवीबरोबर त्या बाईचं नावही टिकून आहे. अर्थात नाव सांगायला बाईची हरकत नसेल तरच. चमूतही तसंच. एकीनं आवाज घेतला, एकीनं लिहिलं, एकीनं जोडकाम केलं, तर शेवटी तिघींची नावं आली पाहिजेत. जो जास्त बोलतो त्याचं नाव आणि जिनं रात्री बसून काम केलं ती गायब, असं आपल्या घरात पुष्कळ होतं. वर्गात तरी होऊ नये.

आता मावशींच्या मुलीनं विचारलेला प्रश्न. ती हळूच म्हणाली, “तिथं माझी भाषा हसण्यासारखी वाटली तर? व्यावसायिक म्हणजे पुण्यासारखं बोलायचं ना?”

नाही गं. स्पष्ट बोलायचं, शब्द गिळायचे नाहीत, ऐकणाऱ्याला कळेल असं बोलायचं. जिथं प्रमाण भाषा लागते, तिथं ती शिकून वापरायची, तीही आपलीच आहे. पण आपली बोली म्हणजे चूक नव्हे. ‘सैराट’ २०१६ साली आला आणि करमाळ्याकडची बोली साऱ्या महाराष्ट्रानं कान देऊन ऐकली. ती बोली बदलली असती तर तो सिनेमा तो राहिला नसता. तेव्हा काम कच्चं असलं तर लाज वाटू दे, बोलीची नको.

जहीराबादचं उदाहरण आम्ही तिला सांगितलं. सोलापूरहून हैदराबादला जाताना तेलंगणात जहीराबाद लागतं. त्याच्या जवळ माचनूर गावात दलित शेतकरी बायकांच्या संघमांनी, म्हणजे आपल्यासारख्याच गावगटांनी, २००८ सालापासून ‘संघम रेडिओ’ चालवला आहे. आपल्याच तेलुगू बोलीत त्या बियाणं, शेती, सण, गाणी यावर कार्यक्रम करतात. त्यांच्यात कॉलेजची पदवी घेतलेल्या बायका शोधून सापडणार नाहीत. पण कार्यक्रम वेळेवर आणि ऐकणाऱ्यांना आपला वाटेल असा करायचा, हे त्यांनी करून दाखवलं. आणखी व्यावसायिक काय असतं?

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती मुलींच्या आयांनी नीट ऐकावी. हमीपत्र एका बाजूनं नसतं. मुलगी व्यावसायिक वागेल, तर तिच्याशीही तसंच वागलं गेलं पाहिजे. शिक्षक, वरच्या वर्गातली मुलं, प्रकल्पासाठी जिथं पाठवतात तिथले लोक, सगळ्यांनी. ‘या क्षेत्रात असं चालतंच’ हे वाक्य कुणी म्हणालं की समजायचं, काहीतरी चुकीचं चालवायचं आहे. रात्री उशिरापर्यंत एकटीला थांबवणं, विनाकारण अंगाला हात लावणं, कपड्यांवरून बोलणं, नको ते निरोप पाठवणं, यातलं काहीच शिक्षणाचा भाग नाही.

१९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. २०१३ साली त्याचा कायदा झाला. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, आणि ती विद्यार्थिनींसाठीही आहे. समितीत निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा लागतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, अडचण असेल तर मुदत वाढवून मिळते. प्रवेश घेतानाच विचारा, समितीत कोण आहे, नंबर काय आहे. लाजू नका. बँकेत खातं काढताना आपण व्याजदर विचारतोच ना?

मावशींनी हे सगळं ऐकलं. मग त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. आणि आम्हाला म्हणाल्या, “ताई, आता तुम्ही एक कागद लिहा. त्या समितीतल्या बाईंचा नंबर आम्हाला द्या म्हणून.” कागद लिहिला. आठ दिवसांनी कॉलेजातून नंबर आला. तो आता मावशींच्या घरात कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिलेला आहे.

आणि त्या आमच्या ताई, ज्यांचा आवाज फोनवर फिरला होता, त्या आता बैठकीला येतात. मागच्या रांगेत बसतात. हप्ता वेळेवर भरतात. कुणाच्या हातात फोन दिसला की गप्प होतात. मागच्या महिन्यात एका वर्गातली मुलगी आली होती. तिनं रेकॉर्डर पिशवीतून काढलाच नाही. अर्धा तास नुसती बायकांमध्ये बसली. निघताना ताईंना म्हणाली, “मी पुढच्या मंगळवारी येऊ का? तुम्ही नको म्हणालात तर रेकॉर्ड नाही करणार.” ताई काही बोलल्या नाहीत. पण मंगळवारी त्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. रेकॉर्डिंग त्या दिवशीही झालं नाही. तिनं विचारलं, ताईंनी मान हलवून नको म्हटलं, आणि तिनं ते ऐकलं. मुलगी पुन्हा येणार आहे.

तुमच्या मुलींच्या कॉलेजातून असा कागद आला असेल तर गटात मोठ्यानं वाचा. तुमच्या दारात माइक घेऊन कुणी आलं तर चहा जरूर द्या, पण ते चार प्रश्न आधी विचारा. आणि घरची मुलगी माइक घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणार असेल, तर तेच चार प्रश्न तिलाही शिकवून पाठवा.

पुढच्या वेळी हिशेबाच्या वहीबद्दल बोलू. तोवर नमस्कार.